दोघांचं दोन

डॉक्टरांनी पडद्यावरच्या रेघा पुन्हा मागे नेल्या.

"भर दिवसा अंधाऱ्या खोलीत झोपायला सांगितलं, तेव्हाच्या तुमच्या मिस्टरांच्या मेंदूच्या या रेघा. आमचा एक तंत्रज्ञ म्हणतो, दिवा मालवताच यांना झोप लागली, म्हणजे बस चालवणं धोक्याचं. दुसरी म्हणते, नुसते डोळे मिटून पडले होते. रेघा त्याच, पण दोघांचं दोन."

ड्रायव्हरच्या बायकोला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. नवरा शेजारी ताठ बसला होता. चिकटवलेल्या तारांचा डिंक अजून त्याच्या कपाळावर होता. येताना वाटेत तो एवढंच बोलला होता, "शाळेची बस हातातून गेली, तर या वयात मला कोण ठेवणार?"

"मग खरं कोणाचं?" तिने विचारलं.

"दोघंही मुरलेले आहेत. मलाच काल बघताना झोप वाटली, आज तेवढी वाटत नाही." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अशा वेळी घरच्यांचं म्हणणं मोलाचं. हे दिवसा बसल्या बसल्या पेंगतात का? बोलता बोलता, जेवताना?"

तिला परवाचं जेवण आठवलं. घास हातात आणि मान छातीवर. हलवल्यावर तो खेकसला होता, जागाच आहे मी.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो कपाळावरचा डिंक नखाने खरवडत होता.

"नाही," ती म्हणाली. "घरी तर कधीच नाही."

डॉक्टरांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग बस चालवायला हरकत नसल्याच्या दाखल्यावर सही केली.

जिना उतरताना त्याने तिचा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत त्याने असा हात कधी धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून लवकरच कामाला गेला. शाळेच्या वेळेला बस नेहमीसारखी घराखाली येऊन थांबली. मुलगी दप्तर पाठीला लावून दाराकडे धावली. आईने मागून दप्तराचा पट्टा पकडला.

"तू थांब. तुला मी चालत सोडते."

"का? बाबांची बस आलीय ना."

"सांगितलं ना, चालत जायचं."

खालून हॉर्न वाजला. तिने पट्टा सोडला नाही. खिडकीतून तिला दिसलं, शेजारीण आपल्या धाकट्याला उचलून बसच्या पायरीवर ठेवत होती.