उष्टा पेरू

"म्हन रे, आई. आ... ई," सुवर्णा शेजारच्या ओसरीवरल्या पिंजऱ्याला तोंड लावून म्हणाली आणि पेरूची फोड तिनं गजांमधून आत सरकवली.

पोपटानं आधी एक डोळा तिच्यावर रोखला, मग दुसरा. मग फोड पायात धरून निवांत खायला बसला. तीन आठवडे सुवर्णा त्याला बाजारातले निवडक पेरू चारत होती. पेरू त्यानं सगळे गोड मानून घेतले, शब्द मात्र एकही परत केला नाही.

तिच्या कडेवर समीक्षा होती. साडेतीन वर्षांची लेक, अंगानं भरलेली, पायांनी चपळ आणि तोंडानं गप्प. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी कान तपासले, जीभ तपासली, सगळं ठणठणीत आहे म्हणाले, वाट पाहा. वाट पाहायला डॉक्टरांचं काय जातं? गल्लीत समीक्षाहून वर्षानं लहान असलेली पोरं दुकानात जाऊन नाव सांगून बिस्किटाचा पुडा आणत होती. कुणाचंही लेकरू आईला हाक मारत पळत आलं की सुवर्णा तोंड फिरवायची. खोटं कशाला बोला, जळायची ती.

उपाय शेजारच्या तानाबाईंनीच सांगितला होता. पोपटाचा उष्टा पेरू चारला की न बोलणाऱ्या लेकराला वाचा फुटते. फक्त पोपट बोलका पाहिजे, मुक्या पोपटाच्या उष्ट्याला गुण नाही. आणि तानाबाईंचा पोपट तर दोन वर्षांत शिटीच्या पुढे गेला नव्हता. म्हणजे आधी पाखराला बोलतं करायचं, मग लेकराला.

"राम राम शिकवते त्याले," तानाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

"राम राम कशाले, काकू? आई शिकवू. तो जे बोलन, तेच माही समी बोलन."

तानाबाईंनी पिंजऱ्याकडे पाहिलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मग म्हणाल्या, "हाव, चालते."

चालते म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी सुवर्णाला भिंतीपलीकडून ऐकू आलं, "म्हन रे माह्या राजा, आई म्हन. मी कोन हाये तुही? आई!" आवाजात नुसती साय. सुवर्णाच्या हातातली कणीक हातातच राहिली. शब्द हिनं सुचवायचा, पेरू हिनं आणायचे, आणि आई व्हायचं त्या बाईनं! तेव्हापासून सुवर्णा दुपारच्या जोडीला सकाळीही तानाबाईंच्या ओसरीवर येऊ लागली.

आताही तिचा आवाज ऐकून तानाबाई ओले हात पदराला पुसत ओसरीवर आल्या.

"आज चहाच्या वक्ताले 'आ' केला त्यानं," त्या म्हणाल्या. "माह्यापाशी."

"माह्यापाशी तर कालच केला," सुवर्णा म्हणाली. केला नव्हता.

तानाबाई पिंजऱ्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. इकडून एक, तिकडून एक.

"आई म्हन, राजा."

"आई म्हन रे, आई."

दोघींचे आवाज चढत गेले. पोपट एकदा हिच्याकडे मान वळवी, एकदा तिच्याकडे. समीक्षा गजांतून ओढून घेतलेला उष्ट्या पेरूचा तुकडा हातात धरून सगळं पाहत होती.

पोपटानं फोड खाली टाकली. मान फुगवली. आणि घोगऱ्या, पण अगदी स्वच्छ आवाजात म्हणाला, "आई."

"ओ!" सुवर्णाच्या तोंडून निघून गेलं.

साडेतीन वर्षं तो ओ तिच्या घशाशी तयार होता. कुणाला देतोय हे न पाहताच सुटला. तिचे डोळे भरले.

तानाबाईंचेही ओठ उघडले होते, ते तसेच राहिले. मग त्यांनी पिंजऱ्याची कडी धरली आणि पिंजरा आपल्याकडे ओढला.

"तू काऊन ओ देते वं? माहा पोपट हाये. मले म्हटलं त्यानं."

"माह्या हातचं खाऊन राह्यला तो, काकू. मलेच म्हटलं."

"तुह्याजवळ हाये ना एक लेकरू!"

"हाये. पन हाक मारते का ते?"

आजवर हे ती कुणासमोर बोलली नव्हती. समीक्षासमोर तर नाहीच.

तानाबाईंनी खाली पाहिलं. सुवर्णानं कडेवरच्या समीक्षाला सावरून घेतलं. पण पोपटानं पुन्हा मान फुगवली तशा दोघी एकदमच पिंजऱ्यावर वाकल्या.

समीक्षानं हातातला तुकडा टाकून दिला. दोन्ही तळहात आईच्या गालांना लावले आणि सगळा जोर लावून तिचं तोंड आपल्याकडे वळवू लागली.

सुवर्णानं ते हात बाजूला केले. तिची नजर पिंजऱ्यावरून हलली नाही.

"थांब वं जराशी," ती म्हणाली. "तो बोलून राह्यला."