निर्मनुष्य

"निसर्ग फक्त साधकालाच दर्शन देतो," असं हरेश पाटलांनी विचुंब्याहून निघताना जाहीर केलं, आणि कॅमेऱ्याची बॅटरी चार्जरलाच राहिली म्हणून पळस्पे फाट्यावरून परत आले.

"साधकानं डबा तरी घेतलाय काय?" त्यांच्या बायकोनं, निशाताईंनी, गाडीत बसल्या बसल्या विचारलं.

सोसायटीच्या कॅलेंडरसाठी पाटलांना एकच फोटो हवा होता, ज्यात एकही माणूस नाही. गेल्या वर्षी त्यांच्या धबधब्याच्या फोटोत कुणाचा तरी लाल टॉवेल निघाला आणि कमिटीनं त्या जागी गणपती छापला. म्हणून यंदा ताम्हिणी घाटातल्या एका बिननावाच्या वळणावर गाडी लावून, ट्रायपॉड रोवून ते धुक्याकडे बघत उभे राहिले.

त्यांना बघून एक गाडी थांबली. "काका, इथून काय दिसतं?"

"काही नाही," पाटील खरं तेच बोलले.

"सांगत नाय म्हंजे भारीच असणार," म्हणून सगळं कुटुंब खाली उतरलं. त्यांना बघून आणखी गाड्या थांबल्या. गाड्या बघून कणीसवाला शेगडी घेऊन आला. निशाताईंनी कणसाला लिंबू जास्त लावायला सांगितलं.

शेवटी धुकं फाटलं. खालची हिरवीगार दरी लख्ख उघडी पडली. पाटलांनी श्वास रोखून बटणावर बोट ठेवलं, तोच मागून कुणीतरी खांद्यावर टकटक केलं.



"काका, जरा बाजूला व्हाल काय? आम्हाला माणूस नसलेला फोटो पायजे."