‘परत’चा डबा

‘परत’ लिहिलेला डबा काठोकाठ भरला होता. ‘ठेवा’ लिहिलेला जेमतेम निम्मा. धाकटीनं लांबूनच पाहिलं आणि समजायचं ते समजली.

डबे त्याच दिवशी पहिल्यांदा मांडले होते. कल्पना हॉलच्या मॅनेजरची. दर रविवारी दुपारी तो कुणा नवख्याची एखादी छोटी फिल्म लावायचा आणि नंतर दारात जी हमरीतुमरी चालायची, तिला तो पार कंटाळला होता. म्हणून त्यानं पत्र्याचे दोन डबे आणले. जाताना प्रेक्षकानं तिकिटाचा उरलेला तुकडा एकात टाकायचा. ‘ठेवा’ जिंकलं तर फिल्म महिनाभर चालणार, ‘परत’ जिंकलं तर करणाऱ्याच्या हातात परत. माणूस मोजकं बोलणारा, लिहिणारा तर त्याहून मोजकं. नियम त्यानं तेवढा धाकटीला सांगितला; प्रेक्षकांसाठी डब्यांवर एकेक शब्द लिहिला आणि दारात मांडून मोकळा झाला.

धाकटीची फिल्म सहा मिनिटांची. तिला लागली तीन वर्षं. एकच मोठा कागद. त्यावर कोळशानं चित्र काढायचं, फोटो घ्यायचा, फडक्यानं पुसायचं आणि केसभर सरकवून पुन्हा काढायचं. कितीही पुसलं तरी आधीच्या चित्राचा करडा डाग मागे राहतोच. एक बाई खुर्चीतून उठते आणि खिडकीपर्यंत चालत जाते, एवढीच गोष्ट. चालता चालता सगळी खोली तिच्याच डागांनी भरून जाते. ना संवाद, ना संगीत. ती बाई कोण, हे धाकटीनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणि ही तीन वर्षं तो कागद पसरला होता ताईच्या टेबलावर. ताई म्हणजे थोरली बहीण, घरीच शिवणकाम करणारी. ते तिचं कापड बेतायचं टेबल. धाकटीनं ते अडवलं तेव्हापासून ताई जमिनीवर बसून कापड बेतायची आणि उठताना गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडायची. एकदा गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर पाच काळी बोटं उमटली. तेव्हा तर तिनं दोन दिवस अबोला धरला होता. आज घरातून निघताना तिनं कुलूप लावता लावता सांगून टाकलं होतं, “फिल्म परत आली तर टेबल रिकामं. मग रडगाणं नको.” धाकटीनं मान डोलावली होती. खोटं काय बोलत होती ताई?

फिल्म संपली, दिवे लागले आणि जो तो बोलायला लागला. एक गृहस्थ पडदा मळका आहे म्हणून मॅनेजरशी भांडत होते. पडदा स्वच्छ आहे, डाग फिल्ममध्येच आहेत, हे ऐकल्यावर ते आणखी भडकले. एक जोडपं एकमेकांकडे न बघता बाहेर पडलं. त्याला मस्त झोप लागली होती आणि तिचा हुंदका थांबत नव्हता. जिन्यात दोन कॉलेजकुमारांची जुंपली होती, याला कला म्हणायचं की आळस. एका चष्मेवाल्या बाईंनी तुकडा टाकताना डब्यावर टिचकी मारून दोनदा ठासून सांगितलं, परत, परतच. ताईनं आपला तुकडा कुठे टाकला, ते गर्दीत धाकटीला दिसलं नाही.

मॅनेजरनं ताईच्या देखत तुकडे मोजले. ‘परत’ एकोणचाळीस, ‘ठेवा’ एकवीस. त्यालाही बरं वाटत नव्हतं. पेन ड्राइव्ह पाकिटात घालून त्यानं धाकटीच्या हातात दिला आणि एकवीस म्हणजे काही कमी नाहीत, असं काहीतरी पुटपुटला.

रडगाणं नको म्हणजे नको. धाकटीनं पाकीट पिशवीत टाकलं आणि ताईसमोर जाऊन उभी राहिली.

“टेबल आजच रिकामं करते. कागद भिंतीला ठोकीन आणि उभ्यानं काढीन. पण दुसरी फिल्म काढणार, ताई. एकवीस माणसं आहेत माझ्या बाजूनं.”

हिचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं ताईनं तिच्याकडे पाहिलं.

“टेबलाला हात लावू नकोस. आणि एकवीस कशाला? एकोणचाळीस म्हण. मीसुद्धा ‘परत’मध्येच टाकलंय.”

धाकटीला काही उमजेना. घरचं माणूस, तेही तिकडेच गेलं, एवढंच तिला कळलं आणि फार लागलं. तरी मान ताठ ठेवून तिनं विचारलं, का?

“अगं, खिडकीपाशी पोचल्यावर आई मागे वळून बघते का? मला दिसलंच नाही. डोळे भरून आले होते.”

शेजारी मॅनेजर डबे उचलत होता. त्याचा हात तसाच राहिला. त्यानं एक डबा फिरवला आणि आपण लिहिलेला शब्द पहिल्यांदाच बघावा तसा वाचला. ताईनं नाक पुसलं आणि त्याच्याकडे वळून विचारलं,

“काय हो, मग परत कधी लावताय?”