दुसरा हीरो

माझ्या पार्लरमध्ये सध्या कोरियन मालिकेच्या शेवटावरून रोज हमरीतुमरी होते. आज नखं रंगवून घेता घेता बँकवाल्या मॅडम नुसत्या धुमसत होत्या.

"शेवटी हिरॉईन त्या माजोरड्या कंपनीमालकाच्याच गळ्यात पडली! डोकं आहे की खोकं? आणि तो दुसरा बिचारा, भर रस्त्यात गुडघ्यावर बसून हिच्या बुटाची नाडी बांधतो, त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही मेली!"

"पण प्रेम मालकावरच होतं ना तिचं," मी म्हटलं.

"प्रेम कसलं डोंबलाचं! माणसाची पारख नको बाईला?"

तेवढ्यात त्यांचे मिस्टर न्यायला आले. मॅडम सँडलचा पट्टा लावायला वाकल्या.

"थांब, रंग ओला आहे अजून," म्हणत ते खाली बसले आणि पट्टा लावू लागले.

"अहो, उठा! चारचौघींत काय हे पायाशी बसणं? अगदी बावळट दिसता."

त्यांनी दुसराही पट्टा लावला आणि ते गाडी काढायला गेले. मॅडमनी नखांवर फुंकर मारली, माझ्याकडे वळून सुस्कारा सोडला.

"नाडी बांधणारा माणूस आमच्या नशिबी कुठला गं!"