केसांचा अहवाल

ब्राझीलमधील तापाजोस नदीच्या वरच्या अंगाला सोने काढणारे पाण्यात पारा सोडत असत, म्हणून गावातील प्रत्येकाच्या केसांची बट तपासणीसाठी गेली होती. आज परिचारिका अंगणात बसून अहवाल वाचून दाखवीत होती. कोळी ओर्लांदिनो आणि पैलतीरावरील विधवा इव्होनी या दोघांच्या केसांत पारा सर्वांहून अधिक निघाला. ओर्लांदिनोची पत्नी दाल्विना मात्र जवळजवळ निर्मळ होती.

"इव्होनीचा आकडा पुन्हा वाचा," दाल्विना म्हणाली.

परिचारिकेने तो पुन्हा वाचला. "मोठा मासा लहान मासे खातो, म्हणून विष त्याच्यात साचतं. दाल्विनाबाई, तुमच्या घरी काय शिजतं?"

"बारीक मासळी. हा म्हणतो, मोठा मासा हल्ली जाळ्यात येतच नाही."

"नशीबवान गं बाई!" शेजारीण ओठ दाबून हसली. "नवऱ्यानंच वाचवलं तुला."

ओर्लांदिनोने मान खाली घातली. दाल्विना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.



"माझ्या हक्काचं विष तिला का चारलंस?"