दोन दातांमधली फट

"ताई, ट्रे धरा," मॅडम म्हणाल्या. ताईंनी धरला. दातांच्या या दवाखान्यात त्या कित्येक वर्षं ट्रेच तर धरत होत्या. फरक एवढाच, की आज खुर्चीत त्यांचीच लेक होती.

लेकीचे वरचे, पुढचे दोन्ही दात हलत होते. नुसती जीभ लागली तरी हलायचे. कीड नाही, कुठे पडली-झडली नाही. हिरडी तेवढी सुजून टम्म झालेली. एक्स-रेमध्ये दातांभोवतीचं हाड विरलेलं दिसलं, कारण काही दिसेना. मॅडमनी हिरडी बधिर केली आणि चिमटा आत घातला.

ट्रेमध्ये काहीतरी पडलं. इवलंसं रबर. तारा लावलेले दात ओढून घ्यायला लावतात, तसलं.

ताईंनी ते लगेच ओळखलं.

"हे आत कसं गेलं?" मॅडमनी विचारलं.

काय सांगणार! पुढच्या दोन दातांमधल्या फटीपायी शाळेत पोरीला सगळे 'खिडकी' म्हणायचे. रोज रडत घरी यायची. मॅडम म्हणाल्या होत्या, सुळे येऊ देत, मग तारा लावू. पण आईचा जीव थांबतो होय? ताईंनी दवाखान्यातली रबरं घरी नेली आणि एक दोन्ही दातांभोवती चढवलं. फट मिटायला लागली. मायलेकी हरखून गेल्या.

"मीच घातलं, मॅडम. सकाळी बघावं तर नसायचं. वाटलं, झोपेत पडलं असेल. म्हणून परत नवीन घालायचे."

"अहो ताई, तार नसेल तर रबराला अडवणार कोण? दात मुळाकडे निमुळता असतो. ते सरकत सरकत वर जातं आणि मूळ आवळत बसतं."

दुसरं रबर पडलं. मग तिसरं. एकही हरवलं नव्हतं.

मॅडमनी ताईंना बेसिनपाशी नेलं. "दोन्ही काढावे लागतील," त्या हळूच म्हणाल्या. ताईंना रडूही येईना. लोकांच्या पोरांचे दात डोळ्यांदेखत जागेवर आले, आणि स्वतःच्या पोरीचे स्वतःच्या हातांनी घालवले. हे हात कुठे लपवावेत, तेच त्यांना कळेना.

मागे खुर्चीत लेकीनं आरसा उचलला. ओठ वर करून बराच वेळ निरखून पाहिलं. मग बधिर तोंडानं वेडंवाकडं हसली.

"आई, बघ ना, फट पार गेली! आता कुणी खिडकी नाही ना म्हणणार?"