दह्याला कळतं

ब्रह्मपुरीच्या सोमाजीभाऊंचं पनीर म्हणजे मऊ, पांढरंशुभ्र आणि त्यांच्याच शब्दांत "एकदम शुद्ध". म्हशीची कास सुजली की ते कोणाला न विचारता स्वतःच अँटिबायोटिकचं इंजेक्शन टोचायचे. आता औषध उतरलेल्या दुधाला विरजण लागत नाही, दही काही जमत नाही. म्हणून त्या दिवसांचं सगळं दूध लिंबू पिळून पनीरमध्ये जायचं.

"फेकाचं काऊन?" ते बायकोला, रुखमाबाईंना म्हणायचे. "दह्याले समजते, गिऱ्हाइकाले थोडीच समजते!"

विकताना मोडलेले तुकडे रुखमाबाई घरच्या भाजीत टाकायच्या. अन्न वाया घालवणं म्हणजे त्या घरात पाप.

मग रुखमाबाईंना ताप आला, तो दहा दिवस उतरलाच नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढे ठेवला.

"भाऊ, जो जंतू बाईंच्या रक्तात आहे, तोच तुमच्याकडून तपासायला आणलेल्या पनीरमध्ये निघाला. नेहमीचं एकही औषध त्याला लागू पडत नाही. आता हे एकच इंजेक्शन उरलंय, मिळेल तिथून आणा."

सोमाजीभाऊंनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं. नाव ओळखीचं होतं. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि मग हळूहळू उतरत गेला.



"हे त आमच्या गोठ्यातच आहे, मॅडम. पण मागच्या हप्त्यापासून म्हशीलेबी लागू पडून नाई राह्यलं."